शालीकरामची उजवी थाप

पुनाराम : सरक बाई, अजून इकडं सरक. खांबापाशी बसशील तं माझा आवाज पोचनार नाही. साठ वर्षं भजन म्हनून गळा घासला आहे. कैलाशच्या विमानाची गोष्ट पायजे ना तुले? अशी सांगतो का मुंबईले पोचलीस तरी कानातून निघनार नाही.

भूमिका : सांगा ना काका. पण मी मुंबईची नाही हो, गोंदियाचीच आहे. फिल्म कंपनीची नोकरी तेवढी तिकडे. कैलाशजींनी अकरा वाजता बोलावलं होतं. त्यांच्या विमानावर सिनेमा काढायचा आहे, त्या कागदावर सही हवी आहे त्यांची.

जमुनाबाई : समोरच बसून आहे, शालीकरामच्या घरी. परवापासून सप्ताह लागते, त्याची तयारी. तू चहा पी. आनि यायले मधात टोकत जाजो, नाही तं यायचा पूर्वरंगच सरत नाही.

पुनाराम : हे आमची मंडळी. कीर्तनात डुलक्या घेते आनि मले शिकवते. ऐक बाई. आमच्या आज्या-पंज्यानं हा समोरचा तलाव खोदला. आमी कोहळी, तलाव खोदनारी जात; पिढ्यान् पिढ्या आमचा मानूस खाली पाहत आला, पानी कुठं आहे म्हनून. आमच्या पोरानं वर पाहिलं. सौंदडले मोटारपंप दुरुस्त करता करता त्यानं विमान बनवलं. मोटारसायकलचं इंजिन, बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री. नाकावरचा पंखा सागाच्या फळीतून तासला, नांगर तासते तसा.

भूमिका : आणि पंखांवर त्यांच्या आवडत्या फिल्मी हिरोचं चित्र.

जमुनाबाई : दोन्ही पंखांवर. मी म्हटलं, एकावर तरी मारोती काढ. तं म्हने, मारोती काय पिक्चरमधी काम देनार आहे?

पुनाराम : त्याले उडायचं होतं का दिसायचं होतं, हे मले अजून उमगलं नाही. काळा चष्मा लावून रोज व्हिडिओ काढे आनि त्या हिरोले पाठवे. एक दिवस कोरड्या तलावात बांबूभर उंच उडाला खरा.

भूमिका : तो व्हिडिओ चाळीस लाख लोकांनी पाहिला काका.

पुनाराम : त्याच्या पुढचं कोनी पाहिलं नाही. ते मी सांगतो. मुंबईहून निरोप आला का हिरोचा मानूस फोनवरून विमान उडताना पाहीन. झालं. सारा गाव तलावाच्या पाळीवर. मी भजनी मंडळ उभं केलं. मृदंगावर शालीकराम. लहानपनापासूनचा माझा जोडीदार. त्याच्या उजव्या हाताची थाप पडली का टेकायले काठी लागनारी मानसं कीर्तनात उठून उभी राहत. तर सारे तयार, आनि फोन लागेना. कैलाश इंजिन बंद करू देईना. म्हने, एकदा थांबलं तं लवकर सुरू होत नाही. हिरोच्या मानसाले पंखा फिरतानाच दिसला पायजे.

भूमिका : म्हणजे एवढी माणसं जवळ, आणि पंखा फिरतोय?

जमुनाबाई : गरगर. आता मी सांगते. आपल्याकडं नवीन ट्रॅक्टर आला तं काय करतो आपन? समोर उभं राहून तोंडाले कुंकू लावतो, ओवाळतो. बिना पूजेचं चाक कोनी हलवू देते का? फोन लागला, पोरगा बसला, आनि पूजा राहिलीच. मी ताट घेऊन निघाली. विमानाचं तोंड जिथं, पंखा तिथं. आनि पंखा जोरात फिरला का दिसतच नाही, बाई. मले कैलाशच दिसून राहिला होता. त्याचा चष्मा दिसून राहिला होता. मी त्याच्याकडं सरळ चालत गेली.

पुनाराम : तो फोनकडं पाहून हसत होता. माय समोर आली, ते त्याले दिसलं नाही. शालीकरामनं पाहिलं. गळ्यातला मृदंग फेकला, धावला, हिचा पदर धरून मागं ओढलं. ही मागं पडली. तोल जाऊन त्याचा उजवा हात पंख्यात गेला.

जमुनाबाई : कुऱ्हाडीनं ओला बांबू तोडावा ना, तसा आवाज. रक्त माझ्या ताटात, तोंडावर. दिवा विझला. हात पहिले कोनाले दिसलाच नाही. मग बेशरमाच्या झुडपात सापडला. मृदंगाले थापताना लागलेली कनीक बोटांले तशीच होती.

भूमिका : काकू, पाणी घ्या. मग... लोकांनी कैलाशजींना मारलं, एवढं मी ऐकून आहे.

जमुनाबाई : सांगा ना आता. पहिला कोन होता, ते सांगा तिले.

पुनाराम : पहिला मी. विमान अडवाले बांबू आनले होते, त्यातला एक उचलला आनि पोटच्या पोराच्या तोंडावर हानला. समोरचे तीन दात गेले. मग शालीकरामचा पुतन्या बकाराम तुतारी घेऊन आला, बैलाले टोचतात ती. मग गोटे. मग लाथा. बापानंच सुरू केलं तं गावाले कोन थांबवनार? कैलाशनं हात उचलला नाही. पंख नका तोडू, एवढंच म्हनत होता. फोन धुळीत पडला होता, आनि त्यातून तो मुंबईचा मानूस म्हनून राहिला होता का बढिया सीन है, चालू रखो.

भूमिका : हे मला कोणीच सांगितलं नाही.

पुनाराम : अजून आहे. मी कुऱ्हाड आनली. विमानाचे तुकडे केले. पंखावरच्या हिरोचं तोंडही फोडलं. तरी हात थांबेना. कैलाश खाली पडून होता, त्याच्यावर कुऱ्हाड उचलली. ज्या हातानं टाळ वाजवतो त्याच हातानं, बाई. तवा शालीकराम बोलला. मनगट फेट्यात बांधलेलं, फेटा लाल झालेला. म्हने, पुनाराम, आज एक हात गेला, तेवढा पुरे कर.

(समोरच्या घरातून मृदंग वाजू लागतो.)

भूमिका : कंपनीच्या स्टोरीत शेवटी विमान उडतं, आई ओवाळते, गाव नाचतं. शालीकरामजी नाहीतच त्यात. अपघात नको म्हणतात. पण कैलाशजींना सहा महिने मुंबईत ठेवणार आहेत. हिरो स्वतः भेटणार आहे... मृदंग कोण वाजवतंय? हात खूप बसलेला आहे.

जमुनाबाई : दोघं आहेत. डावीकडून शालीकराम, उजवीकडून कैलाश. एका मृदंगाले दोघं, मांडीले मांडी लावून. कैलाश दवाखान्यातून आला आनि शालीकरामच्या दारात जाऊन बसला. पहिलं वर्षभर शालीकराम एक शब्द बोलला नाही. ताल चुकला का डाव्या हातानं कानाखाली हाने. तोंडातून रक्त येत वाजवलं आहे पोरानं.

पुनाराम : पन तुझा निरोप आला तसा जेवन सुटलं त्याचं. काळा चष्मा पेटीतून काढते, पुसते, ठेवते. काल दोनदा ताल चुकला. तो गेला तं शालीकरामचा हात दुसऱ्यांदा तुटते. मी त्याले जा म्हनत नाही, राहा म्हनत नाही. ज्यानं बांबू उचलला त्याले ते बोलायचा हक्क राहिला नाही.

भूमिका : मी बोलून पाहू का? किती वेळ चालेल हे?

जमुनाबाई : घड्याळात किती झाले?

भूमिका : पावणेबारा.

जमुनाबाई : तुझी गाडी दारात लागली, तवाच त्यानं खिडकीतून पाहिली. मी इथूनच पाहिलं. वाकून पाहिलं, आनि मांडी सारखी करून बसला.

भूमिका : ...थांबतच नाहीये.

पुनाराम : नाही थांबत. आनि आज तालही चुकून नाही राहिला त्याचा.

भूमिका : मग हा कागद मी परत नेते काका. कंपनीला काय सांगू?

पुनाराम : सांग, विमान उडवा खुशाल. आमचं काही म्हननं नाही. तू मात्र एक करजो. कुठं नव्या गाडीले कुंकू लावताना दिसलं कोनी, तं दोन पावलं मागं उभी राहजो, आनि आमच्या शालीकरामची आठवन करजो.