दुबईच्या दशम्या

विमानाचं कौतुक मला सांगू नका राव! मी पहिल्यांदा दुबईला कामाला निघालो, तेव्हा आमचे वडील पूर्णेला मालगाडीवर गार्ड होते.

"मुंबईहून दुबई किती लांब हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन हजार किलोमीटर. विमान तीन तासात जातं."

वडील चिडलेच. "तीन तासात आमची मालगाडी परभणी गाठत न्हाई! गार्डाला टाइम शिकवायलास का?"

मग त्यांनीच हिशोब मांडला. दुबई म्हणजे मनमाडच्या सहापट लांब, वर मधी पाणी भरायला थांबे. "चार दिवस धर," त्यांनी आईला सांगितलं. आईनं चार दिवसांच्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधली. ते गाठोडं बघून मला लय लाज वाटली.

आमची गाडी मनमाडला पोचली, तर मुंबईची गाडी निघून गेलेली. पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा न्हाई. दीड दिवस फलाटावर बसून मी अन् माझ्यासारख्या अडकलेल्या प्रवाशांनी मिळून दशम्या खाल्ल्या. विमान कसंबसं गाठलं.

दुबईहून पत्र टाकलं, "विमान तीनच तासात पोचलं. दशम्या मात्र मनमाडलाच संपल्या."

वडिलांचं उत्तर आलं, "म्हणजे माझा हिशोब कमीच पडला. पुढच्या खेपेला सहा दिवसांच्या देऊ."