कढईतलं बियाणं

बियाणं तपासणीच्या खिडकीपुढे, गुरांच्या चाऱ्यासाठी बाजारातून घेतलेली लसूणघासाच्या बियाण्याची पिशवी सांभाळत गवळण उभी होती. मागे सासू-सून बोलत होत्या.

"घासाचं एकही बी उगवलं नाही म्हणतात. ठेवलं होतंस तरी कसं?"

"तुम्ही सांगितलंत तसंच, आई. खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात."

"ऊन कुठं होतं तेव्हा? वाळवलंस कशावर?"

"कढईत. मंद आचेवर, शेंगदाण्यांसारखं परतलं."

"अगं बाई. सगळं?"

"अर्धं कशाला ओलं ठेवू?"

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी बाजारात विकायला नेलं, तेही?"

"तेच की. मीच पिशव्या बांधून दिल्या."



गवळणीने पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी नाकाशी नेली.

वास खमंग होता.