वहाणांना पैकीच्या पैकी

...आन् वरून मलाच म्हणत्यात, कारभारी, तुम्ही परीक्षक झालातच कशाला! आता मी झालो व्हय? मला केलं! तुम्हाला सांगतो, माणसानं बैल पारखावा, बी-बियाणं पारखावं, सोयरीक पारखावी, पण बजाजनगरच्या महिला मंडळांचं नाच-नाटक... नको रे बाबा! तीन दिवस झाले, टपरीवरचा चहावाला चहा देतो आन् मुद्दाम इचारतो, "काका, कसा झालाय चहा?" की सारी टपरी फिसकन हसती!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी मूळचा कन्नडकडचा. चाळीस वर्षं बैलबाजारात पारख केली. लोक शिंगावर भुलत्यात, रंगावर भुलत्यात, दात मोजत बसत्यात... मी आपला पाय बघतो. पाय खोटं बोलत नाय! मग पोरगं वाळूजला कंपनीत लागलं, बजाजनगरात घर केलं, म्हणलं आई-बाबा चला तुम्ही बी. आलो. इथं बैल कुठं हाय? मग करावं काय माणसानं? तर कॉलनीच्या हॉलात गणपती असो, नवरात्र असो, नाटक असो का नाच, मी पहिल्या रांगेत, आन् संपलं की टपरीवर पंचनामा! ती नाचणारी डावा पाय उशिरा टाकत होती, तो राजा वर ढसाढसा रडत होता आन् खाली अंगठ्यानं ताल धरत होता... दिसतंय ना ते? पाय खोटं बोलत नाय!

तर आमचे सेक्रेटरी केशवराव आले. लई गोड बोलतो तो माणूस. "काका, टपरीवर बोलता ते औंदा जरा कागदावर बोला. दत्तोपंत नाटकाचे जाणकार आहेत, कालिंदीताई नाचाच्या. तिसरे तुम्ही, सामान्य प्रेक्षकांचे प्रतिनिधी. पहिला नंबर येईल त्या मंडळाला शहरात मोठ्या रंगमंदिरात प्रयोग करायला मिळणार, तेव्हा नीट बघा हं!" सामान्य म्हणला मला... पण जाऊ द्या. बिल्ला दिला ना छातीला लावायला! फुललो की मी!

घरी आलो, मनकर्णेला सांगितलं. मनकर्णा म्हंजी आमची मंडळी. भाकरी थापत होती, हात जागच्या जागी थांबला तिचा. म्हणली, "तुम्हाला? परीक्षक?... आन् कधी हाय ते?" म्हणलं, ऐतवारी. म्हणली, "मी तर ऐतवारी कन्नडला जाणार हाय, बहिणीकडं." म्हणलं, जा. तशी ती दोन महिने घरात असायचीच कुठं? रोज दुपारी भजनाला! मग ताट वाढलं, वांग्याचं भरीत, आन् समोर बसून तिचा रोजचा सवाल, "कसं झालंय?" पस्तीस वर्षं ही बाई हेच इचारती! म्हणलं, "खाल्लं ना? मग!"

आता ह्याच्यात माझं काय चुकलं सांगा. बाजारात बैल चांगला असला की पारखी गप बसतो, खोट असली तरच तोंड उघडतो. रीतच हाय ती!

ऐतवारी दुपारी निघालो तर वहाणा गायब! करकर वाजणाऱ्या, तेल पाजून पाजून जपलेल्या वहाणा हो! सारं घर पालथं घातलं. सून आपली पदराआड हसतीय, "असतील की बाबा कुठंतरी." शेवटी पोराचे बूट घातले, दोन नंबर मोठे, फताड फताड वाजवत गेलो, खुर्ची रुमालानं तीनदा झटकली आन् बसलो.

पहिला नाच सुरू झाला. ह्या कानात कालिंदीताई, "काका, मुद्रा बघा, डोळ्यांतले भाव बघा!" त्या कानात दत्तोपंत, "कारभारी, आधी समग्र परिणाम पाहावा, तपशील नंतर." म्हणलं, तुम्ही दोघं वरचं बघा, खालचं माझ्याकडं! एक होती कडेला उभी, दिसायला साधी, पण पाय काय टाकती बाई! जमिनीला दुखवायचं नाय असा, आन् घुंगरू मात्र शेवटच्या रांगेपर्यंत... दिले वीसपैकी सोळा! मधली एक दात काढून हसत होती पण पाय म्हणत होते, संपतंय कधी हे... सहा! मग एका नाटकात जिजाऊ झालेली बाई माइक धरायला गेली, तर बाजूनं माइकवाला वरडला, "ओ बाई, हात नक्को लगाव, शॉक लगता!" जिजाऊ म्हणती "अय्या!" सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच!

मग आलं ते अन्नपूर्णा मंडळाचं नाटक. तुम्हाला सांगतो, माझं नशीब तिथं फिरलं. कलाकारांची नावं शेवटी सांगायची असा नियम, परीक्षकानं ओळखीवर मार्क देऊ नयेत म्हणून. पात्रं सगळ्या बायाच. पडदा सरकला आन् धोतर, टोपी, एवढ्या मिशा असा एक म्हातारा आला. आला, आन् खुर्ची रुमालानं तीनदा झटकली! हॉल हसायला लागला. आता खुर्ची झटकण्यात काय हसायचं? धूळ असती! मग बायकोनं चहा आणला, म्हातारा म्हणतो, "गार हाय." दुसरा आणला, "लई गरम हाय!" टीव्हीवर नाच लागला तर म्हणतो, "ही डावा पाय उशिरा टाकती बघ!" लोक खुर्चीवरून खाली यायचे राह्यले. मग बायको ताट वाढती, पदरानं घाम पुसती, इचारती, "कशी झालीय भाजी?" म्हातारा टोपी मागं सरकवतो आन्...

"खाल्ली ना? मग!"

अरे काय ते हसणं! दत्तोपंतांसारखा माणूस चष्मा काढून डोळे पुसतोय! मागच्या रांगेत आमच्या शेजारच्या सारजाबाई तोंडात पदर कोंबून... बघतायत कुठं तर माझ्याकडं! म्हणलं, बघू द्या, बिल्ला बघत असतील.

मला मात्र हसू येईना. मला तर त्या म्हाताऱ्याचा रागच यायला लागला! अरे, एवढी राबती ती बाई, एक शब्द बोलायला तुझ्या बापाचं काय जातं? शेवटी ती बाई जाती माहेराला निघून. म्हातारा एकटाच ताटापुढं बसतो, घास हातात, आन् त्या रिकाम्या पाटाला हळूच म्हणतो, "चांगली झाली होती गं भाजी..." हॉल चिडीचूप. माझा बी हात रुमालाकडं गेला. पण परीक्षकानं रडू नये! मी पेन काढलं आन् लिहिलं. अभिनय, वीसपैकी सात. शेरा, "म्हातारा पटला नाय. असा माणूस जगात नसतो." पण अन्याय बी नको म्हणून पाय बघितले, तर पायात वहाणा होत्या, करकर वाजणाऱ्या, तेल पाजलेल्या, अस्सल! म्हणलं व्वा! वहाणांना पैकीच्या पैकी! केली सही, दिला कागद.

हो, मला कळलं नाय! हसा! माणसाला आपलं तोंड आरशात तरी दिसतं, आपली चाल कुठं दिसती?

मग कलाकार ओळीनं उभे राह्यले. केशवरावांनी पुकारलं, "म्हाताऱ्याच्या भूमिकेत..." आन् म्हाताऱ्यानं रंगमंचाच्या पाया पडायला वहाणा काढल्या. डावा पाय. अंगठ्याशेजारचं बोट वाकडं...

ते बोट मला माहीत हाय हो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या पवळ्या बैलानं त्याच्यावर पाय दिला होता. पवळ्या मीच पारखून आणलेला. तवा ही हळद बांधता बांधता म्हणली होती, "बैलाचे पाय लई बघता, माझे कधी बघाल?" मी हसण्यावारी नेलं होतं.

"...सौ. मनकर्णाबाई कारभारी!"

मी ताडकन उठलो, एक बूट खुर्चीखालीच राह्यला. एका बुटावर केशवरावाला गाठलं, "कागद द्या! परत द्या कागद!" म्हणला, "काका, बेरीज झालीसुद्धा." अन्नपूर्णा मंडळ दुसरं! किती मार्कांनी? तर दोन! सारजाबाई मला बाजूला घेऊन म्हणल्या, "भाऊजी, दोन महिने भजन नाय का गजन नाय, नाटकाची तालीमच चालली होती, आन् एवढंच म्हणायची वैनी, एकदा त्या मोठ्या रंगमंदिरात उभं राहायचंय म्हणून."  आन् केशवरावाला तेवढ्यात काय हुक्की आली, त्यानं माइकवर परीक्षकांचे शेरे वाचायला घेतले! "तिसरे परीक्षक लिहितात, असा माणूस जगात नसतो..." छप्पर उडायचं बाकी राह्यलं. मिशी लावलेली माझी बायको वरून माझ्याकडं बघत होती. रागानं बघती का हसून, मला पारखताच येईना. चाळीस वर्षांचा पारखी मी!

घरी आलो तर दाराशी वहाणा जागच्या जागी. आत मिशी निघाली होती, ओठावर नुसता लाल वळ राह्यला होता.  ताट वाढलं. पुन्हा भरीत! समोर बसली, आन् पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं इचारलंच नाय, कसं झालंय. हातातला घास परत ताटात ठेवला मी! म्हणलं कारभारी, आता तोंड उघड, मोडू दे बाजाराची रीत. म्हणलं, "मनकर्णे... भरीत झकास झालंय. आन् तुझं काम तर... वीसपैकी वीस गं."

ती भाकरी मोडता मोडता थांबली. टोपी नव्हती तरी मागं सरकवल्यासारखं केलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आन् म्हणली,

"पटलं नाय. असा माणूस जगात नसतो."

 शेऱ्याखाली सही माझीच हाय!