रशियाच्या इमारतीत घेतलेलं नाव

तुमी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता ना, मग माझं ऐका.

आमच्याकडं मानवत गावाच्या रस्त्याला रशियाच्या मदतीनं कापसाचं संशोधन केंद्र बांधायला घेतलं होतं. रशियाचे साहेब निघून गेले, काम अर्धवट राहिलं. मागं उरला एक चौकीदार आणि त्याची वही. वहीत नाव लिहिल्याशिवाय तो कुत्र्यालाही आत सोडायचा न्हाई.

एकदा शेतातून येताना माझा दोन वर्षांचा बाळू हात सोडून पळाला, तो फाटकाच्या फटीतून थेट आत. आत पाण्याचा उघडा हौद. मी फाटकावरच्या चौकीदाराकडं धावले.

"चाचा, फाटक उघडा, लेकरू आत गेलंय!"

"आधी तुमच्या मालकाचं, नवऱ्याचं नाव सांगा."

"वही द्या, मीच लिहिते. सातवी शिकलेय."

"वहीला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई. साहेबांचा हुकूम हाय."

"साहेब तर कवाच रशियाला गेले!"

"हुकूम कुठं गेलाय?"

तेवढ्यात आत पाण्यात काहीतरी धपकन पडलं. मी डोळे मिटून ओरडले, "दिगंबर!"

त्या रिकाम्या गोल इमारतीनं माझ्या नवऱ्याचं नाव आणखी चारदा घेतलं. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. आणि हौदात वीट टाकून आमचा बाळू त्याच फटीतून हसत बाहेर आला. मी त्याला पोटाशी घट्ट धरलं.

चौकीदार वहीवर वाकून म्हणाला, "बाई, पाचदा कशाला? मला एकदाच लिहायचं हाय."