बेडफर्ड कोणी चालवली

— नाही नाही, घर हेच, बरोबर आलात. बेडफर्ड बघायलाच ना? मग बसा. लॉरी काय बाराव्या मजल्यावर ठेवतात होय? ती क्रांजीला आहे, एका ऑर्किडवाल्याच्या शेडमध्ये. हे घेऊन जातील तुम्हाला, येतीलच आता. खाली कॉपी आणायला गेलेत. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर घरचा चहा कसा चालेल — इथली ती पिशवीत बांधून देतात ती कॉफी, ‘कॉपी’च हवी. तोवर पाणी घ्या.

फोटो पाहिलात ना जाहिरातीत? हिरवी, गोल डोळ्यांची, दिसते छानच, त्यात वाद नाही. सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. लोक निवृत्त झाल्यावर गोल्फ खेळतात, आमचे निशिकांतराव बँकेतून बाहेर पडले ते कोंबड्यांचं घर विकत घेऊन आले. जोडीला दोन मित्र, अभय इन्शुरन्सवाले आणि सारंग ऑडिटर. तिघांनी मिळून जन्मात एक बल्ब बदलला नव्हता — पण इंग्लंडहून मागचा दिवा आला ना, तर बारशाला जमल्यासारखे भोवती बसले होते. कोणाच्या वळणावर गेलाय, एवढंच विचारायचं बाकी होतं.

आणि आठवणी! दर रविवारी शेडमध्ये आठवणी. यांच्या काकांची बेडफर्ड होती कराडला, ती हे म्हणे कॉलेजात असताना कुंभार्ली घाटातून चालवायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लॉरीत कांदे होते. पुढे कांद्यांचा हापूस झाला. मग धुकं आलं. मागच्या दिवाळीला मंडळात सांगितलं तेव्हा ब्रेक गेले होते आणि मागे एक अडलेली बाई होती. टाळ्या पडल्या हो! मीही वाजवल्या. आता सासूबाईच मला सांगून गेल्यात — अगं, हा कुठला चालवतोय, याला लॉरी लागायची, ड्रायव्हर याला खिडकीशी बसवायचा, हातात लिंबू देऊन. पण मी कधी कोणाला बोलले नाही. तुम्हाला कशी बोलले कोण जाणे. असू दे, तुम्ही काही मंडळातले नाही.

तर लॉरी झाली तयार. पण चालवणार कोण? त्याला क्लास फोर लायसन्स लागतं, जड वाहनाचं; साध्या गाडीचं चालत नाही. अभयना मोतीबिंदू, सारंगना चक्कर. राहिले हे. दोनदा टेस्टला बसले, दोनदा रिव्हर्सला नापास. मित्रांना सांगितलं, तारीखच मिळत नाही, काय करणार. मला कसं कळलं? अहो, माणूस टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसून राहिला, तर बायकोला कळत नाही का?

मग मी गेले. — कुठे काय? शिकायला! घरात सांगायचे, क्लेमेंटीला मैत्रिणीकडे, क्षिप्राकडे चाललेय. क्षिप्रा बिचारी फोनवर खोटं बोलून बोलून दमली. शिकवणारा चिनी म्हातारा, पहिल्या दिवशी मी क्लचवर पाय हलकेच ठेवला तर ओरडला, “आंटी, नॉट बेबी लाह! पुश!” केलं पुश. पहिल्या फटक्यात पास झाले. यांना आनंद होईल म्हणून केलं — असं क्षिप्राला सांगितलं होतं मी. तसं काही नाही. मला चालवायची होती. इतकी वर्षं शेडवर डबे मी नेले, गंज मी घासला, सीटचं रेक्झिन मी शिवलं, आणि एकदाही, एकदाही कोणी म्हणालं नाही की वहिनी, जरा आत तर बसून बघा.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, मागच्या महिन्यात. एका दिवसाचं परमिट काढलेलं, ड्रायव्हर भाड्याने ठरवलेला. सकाळी त्याचा फोन, ताप आलाय. तिघं एकमेकांकडे बघतायत. हे म्हणाले, निदान फाटकापर्यंत मी आणतो, तोवर कोणी दुसरा बघा. बसले. गिअर असा करकरला की शेडवरचे पक्षी उडाले! आणि लॉरी निघाली — मागे. सरळ मागे! मागचं चाक गटाराच्या काठावर, अर्धं हवेत. हे स्टेअरिंग घट्ट धरून बसलेले, कपाळावर हा घाम. मी म्हटलं, “उतरा खाली.” तर म्हणाले, “तुला काय कळतंय त्यातलं?” मी पर्समधून लायसन्स काढून दाखवलं.

काढली मी बाहेर. त्या जुन्या गाडीला डबल क्लच मारावा लागतो, आणि त्यावर इतकी वर्षं रविवारी मी व्याख्यानं ऐकली होती — ती देणाऱ्यांना नाही जमला, मला जमला. क्लच, न्यूट्रल, पुन्हा क्लच, आणि तो दांडा स्वतःहून आत जातो हो… कसं सांगू? पायातून आवाज वर येतो. रस्त्यावरच्या बसवाल्याने हॉर्न वाजवला, मीही वाजवला. मला हसूच आवरेना. हे शेजारी बसलेले. सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले, “डावीकडे सायकल आहे.”

आणि मैदानात पोचल्यावर निवेदक माइकवर म्हणतो, ही गाडी दुरुस्त करून स्वतः चालवत आणली आहे मिस्टर निशिकांत यांनी. टाळ्या. आणि यांनी हात वर केला. मी शेजारीच उभी होते, यांची पाण्याची बाटली धरून. आमची लेक अश्लेषा, इथल्याच बोलीत वाढलेली, घरी आल्यावर म्हणाली, “मा, यू आर सो कूल लाह,” तर हे ताटावरून उठून गेले. त्या दिवसापासून ‘मीठ दे’ आणि ‘लाइट बंद कर’, याखेरीज बोलणं नाही. शेडवर पाऊल नाही. आणि एक दिवस जाहिरातच. म्हणे वय झालं, सांभाळणं होत नाही. वय झालं! महिन्याभरात झालं का वय?

काय म्हणालात? तुमचे आजोबा पण लॉरी… नाशिकला? घाटात? बरं, बरं. ब्रेक गेले होते का हो?

नाही, हसत नाहीये मी तुम्हाला. हसतेय होय मी? डोळ्यांत काही नाही, हा एसी लागतो मला. — थांबा, लिफ्ट वाजली. हे आलेच.

अहो, कॉपी ठेवा तिथे. हे गृहस्थ निघालेत. नाही, किंमत नाही पटली असं नाही, मीच नाही म्हटलं त्यांना. चावी माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार. रविवारी मी क्रांजीला जातेय, ऑर्किडवाल्याच्या आवारात दोन फेऱ्या मारणार आहे. शेजारची सीट रिकामी आहे. बसायचं तर बसा.

…किती वेळ त्या पिशवीची गाठ सोडताय, द्या इकडे.

आणि पाहुणे, तुम्ही अजून इथेच? या आता. बूट दाराबाहेर आहेत तुमचे.