फुलावर आलेली अंबाडी

गांजा लावल्याचा आळ आलाय का तुमच्यापैकी कुणावर? आमच्या शेजारच्या सुमनवहिनींवर आला होता, तोही दोह्यात, वर्ल्डकप तोंडावर असताना.

वहिनी नांदेडच्या. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी हवीच. म्हणून फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी झाकणाच्या मोठ्या डब्यांत खताचं पाणी भरून अंबाडी लावली होती. माती नाही, पंप नाही, मुळं नुसती पाण्यात सोडलेली. त्या उन्हात ती माणसाच्या उंचीची झाली आणि फुलावर आली.

आता अंबाडीचं पान दिसतं थेट गांज्यासारखं. मॅचसाठी नवी डिश बसवायला बिल्डिंगचा मालक आम्हा भाडेकरूंना घेऊन वर आला, पान बघितलं आणि 'हशीश' म्हणत त्याने पोलिसांना लावायला फोनच काढला. वहिनींचे मिस्टर प्रकाशभाऊ पांढरेफटक पडले. 'उपटून टाक आधी,' म्हणाले.

'फुलावर आलेलं झाड उपटत असतेत का कोणी?' म्हणत वहिनींनी एक पान तोडून स्वतः खाल्लं आणि दुसरं मालकाच्या हातात दिलं. 'खाओ.'

मालकाने चावलं. आंबट लागून त्याचे डोळेच मिटले.

'गांजा ऐसा खट्टा रहता क्या?' वहिनींनी विचारलं.

मालकाचा फोन खिशात गेला.

जिना उतरताना मी हळूच म्हणालो, 'वहिनी, गांज्याची चव तुम्हाला कशी माहीत?'

'मला कुठं माहितंय,' त्या म्हणाल्या. 'पण त्याला माहीत असली, तरी तो बोलणार होता का?'