राणीची धाकटी बहीण

…श्वास नका हो ओढून धरू, पोट आत घेऊन माप दिलं की झगा अंगात शिरत नाही — मग बोल लावा शिंपिणीला! आणि हा फोटो कशाला आणलात? मालिकेच्या कालच्या भागातली ती राजकन्या? तिच्यासारखं शिवायचं म्हणे! तिची कंबर बघा, तुमची… असो. मीही बघितला तो भाग, काल दुपारी. थोरली बहीण राणी होते, धाकटीला गायला जायचंय, राणी म्हणते, जायचं नाही — आणि लगेच चाळीस वर्षांनंतर! केसांना पीठ चोपडलं की झाल्या दोघी म्हाताऱ्या? हात तसेच गुळगुळीत! म्हातारपण आधी मानेवर येतं, बाई, आम्हाला गळ्याचं माप घेतानाच कळतं. मान वर करा. हं… बंद गळाच ठेवू.

आणि शेवटी ती धाकटी मरता मरता राणीचा हात धरून म्हणते, ‘ताई, माझा राग नाही.’ डोंबल! रडलात तुम्ही? रडा. माझी धाकटी बहीण शेजारीच बसली होती, तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिलाही गळा होता — अक्कल नव्हती, गळा होता. बाविसाव्या वर्षी एका गाणाऱ्या मंडळीचा दुकानात फोन आला, ‘सोमवारी पाठवा तिला.’ मी म्हटलं, ती गाणं सोडतेय. काय चुकलं माझं? आई दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, मशिनं दोन — एक मी चालवणार, दुसरं कोण, राणी? तिला सांगितलंच नाही. कुणाला कळलं? कुणालाच नाही.

तर काल ही मला म्हणते — नजर टीव्हीवरच हं — ‘ताई, त्या फोनचं मला ठाऊक होतं. आईनं तेव्हाच सांगितलं.’ एक्केचाळीस वर्षं! रोज समोर बसून जेवली, कधी चकार शब्द नाही! मी म्हटलं, मग गेली का नाहीस? तर म्हणते, ‘तू स्वतःहून सांगशील, म्हणून थांबले.’ थांबले म्हणे! अशासाठी थांबतं का कुणी? मला हसू आलं. हसले मी — दुसरं काय करणार? तिनं टीव्ही बंद केला, कपाटावरची बॅग काढली. त्रेसष्ट वर्षांची बाई, कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही, आणि निघाली मैत्रिणीकडे! मी कशाला हाक मारू? मी थोरली आहे. खाली दार लागलं तरी मी आपली खुर्चीतच… वळा. पाठ करा इकडे.

मंगळवारी या. आणि बटणं नाही मिळणार, चेन लावीन. का म्हणजे? बटणांची काजं धाकटीच करायची. माझ्या हातानं नाही होत तसली — चेन चालत असेल तर कापड ठेवा, नाहीतर दुसरीकडे जा. जा म्हटलं ना.